जाळीमागचा बर्फ

खिडकीची कडी सरकवायलाही हातात फडकं घ्यावं लागे, असं ऊन तापलं होतं. नेमका त्याच दुपारी शिवणवालीच्या घरातला एसी रुसला. पार बंद पडला असता तर निदान कळलं तरी असतं. पण हा हिरवा दिवा लावून घुमत बसला होता आणि खोली मात्र तव्यासारखी.

घरात माणसं दोनच, ती आणि तिचे बाबा. बाबांनी उभा जन्म ओतकामाच्या कारखान्यात, भट्टीच्या तोंडाशी काढला होता. आता त्यांच्या छातीचा भाता पार फाटला होता. यांना उन्हाची धग अजिबात सोसणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं, तेव्हा कुठे हा एसी घरात आला. बाबांना एकटं वाटू नये म्हणून तिने शिलाई मशीनही त्यांच्याच खोलीत आणून मांडलं. ती दिवसभर कापड बेतायची आणि बाबा पलंगावरून गिऱ्हाइकांच्या मापांवर शेरे मारायचे.

"पोरी, हा एसी लाडावलेल्या जावयासारखा आहे," बाबा धापा टाकत म्हणाले. "मान घेतो, काम करत नाही."

एरवी ती हसली असती. पण बाबांचा श्वास शिटीसारखा वाजत होता. तिने ओला पंचा त्यांच्या मानेवर ठेवला आणि मेकॅनिकला फोन लावला.

"ताई, आज मला मरायला फुरसत नाही, उद्या सकाळी येतो," तो म्हणाला. "तोवर एक सांगा, तोंडातून वारा येतोय का?"

तिने स्टुलावर चढून तळहात धरला. "नुसता उसासा टाकतोय हो."

"मग मेन बटण बंद करा, पुढचं झाकण उचला आणि जाळी बाहेर काढा. शेवटची कधी धुतली होती?"

ती बोटांवर महिने मोजू लागली.

"समजलं," मेकॅनिक म्हणाला.

तिने फोन स्पीकरवर टाकून बाबांच्या उशाशी ठेवला आणि झाकण उचललं. जाळीवर लोकरीसारखा जाड थर चढला होता. तिच्याच शिवणकामाची कापसाळ लव होती ती. लाल, निळी, मधेच मोरपंखी. कुणाचे झगे, कुणाचे पडदे, सगळे तिथे अडकले होते. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. इथे तिने नकळत नाक दाबलं होतं आणि तोंड मिटलं होतं.

तिने जाळी ओढून काढली आणि तिचा हात तसाच हवेत राहिला.

आत सगळं पांढरंशुभ्र होतं. तांब्याच्या नळ्यांवर, पत्र्याच्या बारीक पात्यांवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत बर्फ धरला होता. फ्रिजमधल्या ट्रेसारखा चौकोनी, आज्ञाधारक बर्फ नव्हे. याला पिसं फुटली होती, नेच्याच्या पानांसारख्या नक्ष्या उमटल्या होत्या. खिडकीतून आलेला उन्हाचा कवडसा त्यावर पडला आणि आतून कुणी दिवा लावावा तसा तो उजळला.

"बाबा," ती कुजबुजली. का कुजबुजली, तिलाही कळेना. "बाबा, इकडे या. हळू या."

बाबा भिंतीचा आधार घेत आले. मान वर करून बघत राहिले. वरून गारव्याची एक झुळूक घरंगळली आणि त्यांच्या घामेजल्या कपाळावर उतरली.

"बर्फ धरलाय ना?" फोनमधून मेकॅनिकचा आवाज आला. "वारा आत जात नाही, मग गारवा बाहेर येणार कसा? तिथल्या तिथे गोठतो."

"म्हणजे आडात भरपूर आणि पोहऱ्यात थेंब नाही," ती म्हणाली.

"पण मिस्त्री, हे पाणी आत गेलं कुठून?" बाबांनी मोठ्याने विचारलं.

"हवेतलंच, काका. तुमचा श्वास, तुमचा घाम. आता ते खरवडू नका हं, नळी फुटेल. आपसूक वितळू दे. जाळी धुऊन, वाळवून मगच बसवा."

फोन बंद झाला. बाबा हलले नाहीत.

"लोखंडाचं पाणी होताना रोज बघायचो," ते म्हणाले. "त्याचं कधी काही वाटलं नाही. पण माझा श्वास असा दिसतो, होय?"

या उन्हाळ्यात बाबांचा एकेक श्वास तिने कान देऊन ऐकला होता, रात्री दचकून उठून ऐकला होता. ते सगळे श्वास इथे, हाताच्या अंतरावर, पिसं होऊन बसले होते.

तिने खाली घमेलं ठेवलं. शेजारच्या घरात जाऊन बसा म्हटलं तर बाबा ऐकेनात. मग तिने खुर्ची दिली, पंखा त्यांच्याकडे वळवला. जाळी धुऊन सावलीत वाळत घातली. थेंब ठिबकू लागले. मग पाण्याची धार लागली, आणि एकदम एक पातळ पापुद्रा सुटून घमेल्यात पडला. बाबांनी तो उचलला. पत्र्याच्या पात्यांच्या रेघा त्यावर केसासारख्या बारीक उठल्या होत्या. दोघांची डोकी त्यावर झुकली. भाजल्याचे डाग असलेल्या त्या तळहातावर तो बघता बघता विरघळला आणि मनगटावरून ओघळून गेला. बाबांनी तो हात चेहऱ्यावरून फिरवला.

उन्हं कलल्यावर तिने कोरडी जाळी बसवली, झाकण लावलं, बटण दाबलं. पहिला झोत आला आणि मशीनवरचं कापड फडफडलं.

"मशीन उद्या बाहेरच्या खोलीत नेते," ती म्हणाली.

"काही नको. जाळी मी धुईन दर रविवारी. बसून करायचं तर काम आहे." बाबा पलंगावर आडवे झाले. थोड्या वेळाने हळूच विचारलं, "पुन्हा धरेल का गं तसा?"

"धरू नये म्हणूनच धुवायची ना जाळी!"

"हो, हो. तेही खरंच," बाबा म्हणाले, जरा हिरमुसूनच, आणि त्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.