पिशवीसकट

बाईंनी खांबांना ठोकलेली जाळी एका बाजूनं उचकटली, आत वाकल्या आणि पिवळ्या पडलेल्या रोपाच्या बुडाशी कुदळ मारली. माती उन्हानं दगड झाली होती. पहिल्या घावाला नुसता टवका उडाला, दुसऱ्याला जेमतेम फट पडली. बाई सत्तरीच्या, एक गुडघा कामातून गेलेला. प्रत्येक घावानंतर त्यांना खांबाचा आधार घ्यावा लागत होता.

घुम्या चार पावलांवर उभा होता. त्याच्या हातात दावं होतं आणि दाव्याला बांधलेली गाय गवताकडे ओढ घेत होती. पुढे होऊन कुदळ आपल्या हातात घ्यावी, एवढी रीत त्यालाही कळत होती. तो जागचा हलला नाही.

"गाय बांध आणि इकडे ये," बाई म्हणाल्या.

"इथूनही दिसतंय."

"मग नीट बघ."

घुम्या हे काही त्याचं खरं नाव नव्हतं. चौथीच्या वर्गात एका प्रश्नाला तो तोंड मिटून उभा राहिला, तेव्हा बाईंनीच ते त्याला चिकटवलं होतं. वर्गानं ते उचललं, वर्गाकडून गावानं. आणि आज पन्नाशीला टेकल्यावरही दुधाची गाडी घेऊन येणारा ड्रायव्हर त्याला त्याच नावानं हाक मारायचा. बायको तेवढी 'अहो' म्हणायची. बाईंचा हा माळ अठरा वर्षं त्याच्याकडे चराईला होता. माळाच्या एका टोकाला त्याचा गोठा, दुसऱ्या टोकाला बाईंचं घर, आणि दोघांमध्ये कामापुरतं बोलणं.

गेल्या वर्षी बाईंच्या मनानं झाडं लावायचं घेतलं. त्यांच्या वडिलांच्या वेळी माळावर जागोजागी मोठी झाडं होती आणि भर दुपारी गुरं त्यांच्या सावलीत रवंथ करत बसायची. पुढे एकेक करत ती तुटली. उरलं ते गवत, तेही दरवर्षी विरळ होत चाललेलं. आता तिथं पुन्हा इथलीच जुन्या जातीची झाडं लावायची, पण लांब लांब. म्हणजे मध्ये गवत राहील आणि खाली गुरंही चरतील. प्रत्येक रोपाभोवती तीन खांब आणि जाळी. रोपवाटिकेतून एकूण एकशेवीस रोपं आली. खालच्या अंगाची साठ घुम्याच्या बायकोनं लावायची, वरच्या उतारावरची साठ त्यानं.

पहिली सतरा त्यानं मन लावून लावली. काळी प्लास्टिकची पिशवी ब्लेडनं उभी चिरायची, मातीचा गोळा फुटू न देता रोप खड्ड्यात ठेवायचं, माती लोटायची, टाचेनं दाबायची. मग बाई काठी टेकत आल्या आणि ओळीकडे बघत उभ्या राहिल्या.

"वाकडी चाललीय. शाळेतही तुझी ओळ कधी सरळ आली नाही."

बायको खालून ऐकत होती. घुम्यानं मान वर केली नाही.

"आणि एक आत्ताच सांगून ठेवते. झाडं मूळ धरेपर्यंत बावीस गाई इथं चालायच्या नाहीत. चौदा ठेव. बाकीच्यांचं काय करायचं ते तुझं तू बघ."

गृहपाठ सांगावा तशा त्या सांगून गेल्या. आठ गाई. त्यातल्या तीन त्यानं बाटलीनं दूध पाजून वाढवलेल्या. आज आठ जातील, उद्या चौदा, आणि परवा आपण, असं त्याला स्पष्ट दिसलं. झाडं मूळ धरणार ती आपली मुळं उपटून.

अठरावं रोप त्यानं पिशवीसकट खड्ड्यात ठेवलं. वर माती ओढली, टाचेनं दाबली. बघणाऱ्याला काडीचा फरक कळला नसता. पुढची सगळी त्यानं तशीच लावली.

गाईंनी प्लास्टिक खाऊ नये म्हणून संध्याकाळी बायको रिकाम्या पिशव्या गोळा करत फिरली.

"तुमच्या एवढ्याच?"

"वाऱ्यानं गेल्या."

तिनं शेजारच्या गवताकडे पाहिलं. पातं हलत नव्हतं. पुढचे दोन दिवस तिनं त्याला कामापुरतंच विचारलं.

पावसाळाभर सगळीच रोपं हिरवी होती. हिवाळ्यात खालची आणि वरची पहिली सतरा कमरेला लागली, वरची बाकीची जिथल्या तिथं राहिली. उन्हं तापली तशी ती पिवळी पडली. मधल्या काळात आठ गाई बाजारात गेल्या होत्या.

कुदळीचा घाव आता मऊ लागला. बाईंनी कुदळ टाकली आणि हातांनी माती उकरली. काळं प्लास्टिक उघडं पडलं. आत मुळं बाहेरची वाट न सापडल्यानं गोल गोल फिरून एकमेकांत गुंतली होती.

"हे काय आहे?"

"दिसतंय की. पिशवी."

"अशी किती?"

"त्रेचाळीस."

आता 'माळ सोड' एवढंच ऐकायचं राहिलं होतं. त्यावर काय बोलायचं ते त्यानं वर्षभर घोकून ठेवलं होतं.

"त्रेचाळीस," बाई म्हणाल्या. "बरोबर आहे."

घुम्याला आधी कळलंच नाही. मग त्यानं दावं खांबाला बांधलं आणि जवळ आला.

"बरोबर म्हणजे?"

"लावलीस त्याच आठवड्यात मी एकोणिसावं उकरून पाहिलं होतं. मग बाकीच्यांत सळई खुपसून पाहिली. अठरापासून साठपर्यंत."

"आणि बोलला नाहीत?"

"तू येऊन सांगशील, म्हणून थांबले."

"वर्षभर?"

"वर्गात मी तास तास थांबायचे. शेवटी कोणीतरी उभं राहायचंच."

घुम्यानं रोपाकडे पाहिलं. टोकाला दोन पानं होती, तीही कडेनं करपलेली.

"त्या आठवड्यात पिशव्या काढल्या असत्या तर एकही गेलं नसतं," तो म्हणाला.

"लावलीस तू."

"लावली मीच. नाही कुठं म्हणतोय? पण मला ठाऊक होतं तसं तुम्हालाही होतं. मी रोज इथून गुरं नेत होतो, तुम्ही रोज खिडकीतून बघत होता. वाळत होती ती दोघांच्याही डोळ्यांदेखत. मला धडा शिकवायला तुम्ही झाडं वापरलीत, बाई. निम्मी तुमच्या नावावर मांडा."

एवढं सलग तो त्यांच्यापुढे आयुष्यात बोलला नव्हता. बाई नखांत गेलेली माती अंगठ्यानं काढत राहिल्या. पाचही नखं झाली, तरी काढत राहिल्या.

"किती जगतील?" त्यांनी विचारलं.

"आज-उद्या पिशव्या काढून पाणी घातलं तर निम्मी. पुढच्या आठवड्यात एकही नाही."

"ब्लेड आहे तुझ्याकडे?"

त्यानं खिशातून कागदात गुंडाळलेली दोन ब्लेडं काढली. एक स्वतःकडे ठेवलं. दुसरं बाईंच्या हातात न देता खांबाच्या डोक्यावर ठेवलं.

"तुमचा गुडघा—"

"माझ्या गुडघ्याचं मी बघते."

"मी वरच्या टोकापासून येतो. तुम्ही इथून सुरुवात करा. बोलायचं काम नाही."

"माती आधी भिजव. कोरडी उकरलीस तर मुळं तुटतील."

"ते मला नका शिकवू."

गोठ्यातून त्यानं पाण्याचे दोन कॅन आणले आणि बाईंकडे न बघता उतार चढून गेला. साठाव्या रोपाची माती भिजवली, हातानं मोकळी केली, पिशवी चिरली. गुंतलेली मुळं बोटांनी एकेक करून सोडवायला लागत होती. दुसरं रोप झालं, तिसऱ्याला हात घातला, तेव्हा खालून कोरड्या मातीवर कुदळ आपटल्याचा आवाज आला. बाईंपाशी पाणी नव्हतं, आणि त्या मागणाऱ्यांतल्या नव्हत्या.

तो तिसऱ्याची मुळं सोडवत राहिला. कुदळ थांबेना. मग तो उठला, भरलेला कॅन घेऊन खाली आला आणि त्यांच्या बाजूला आदळला. बाई एक पाय लांब करून जमिनीवर बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"संपला की वर आणून द्या," तो म्हणाला.

"मी चढणार नाही. भरायचा असेल तर तूच ये."

घुम्या परत वर गेला. दोन रोपं करून झाल्यावर तो कॅन न्यायला खाली आला.