जाणिवेची जागा

धुळ्याच्या दवाखान्यातल्या त्या डॉक्टरचं नाव धुरपदाबाईने पुढे उभ्या जन्मात तोंडी घेतलं नाही, इतका तिला त्याचा राग आला होता. एकोणीसशे चोवीस सालची गोष्ट. शिंदखेड्याला दिलेली तिची लेक भिकू साथीच्या झोपेच्या तापात सापडली आणि ताप उतरल्यावरही लाकडासारखी पडून राहिली. डोळे मिटलेले, तोंड बंद. चमच्याने पेज घातली तर तेवढी गिळायची.

डॉक्टर विलायतेहून शिकून आलेला. माणसाची जाणीव मेंदूत नेमकी कुठे वसते, हे शोधायचं त्याला वेड होतं. त्याने भिकूचा पदर मागे सारला, हातांवरून चादर गळ्यापर्यंत खोचली, तळव्याला टाचणी टोचली, नावाने हाका मारल्या. भिकू हलली नाही. मग तिच्या मानेमागे बोट ठेवून त्याने सांगितलं, की इथली जागा तापाने जळाली, आत आता कोणी नाही. ही गेल्यावर डोकं उघडून ती जागा बघू द्या, असंही त्याने मागितलं. मागितलं कोणाजवळ? सासऱ्याजवळ. जन्म देणारी आई भिंतीला टेकून उभी होती, तिला कोणी विचारलंसुद्धा नाही.

सासरा कौतिक आबा पहिल्या दिवसापासून उशाशी ठाण मांडून बसलेला. तो म्हणाला, मग पेज तरी उगाच कशाला घालायची, पोराचं दुसरं लग्न बघतो.

धुरपदाबाईच्या अंगाची लाही लाही झाली. सासऱ्यासमोर डोळा उचलायचा नाही, शब्द काढायचा नाही, हे पोरीला तिनेच शिकवून धाडलं होतं. आणि हा दीडशहाणा डॉक्टर तिची पारख करत होता ती सासऱ्याला उशाशी बसवून.

"व्याही, तुमी भाईर जा," ती म्हणाली.

कौतिक आबा पुटपुटत बाहेर गेला. तिने चादर काढून फेकली, पोरीचे हात मोकळे केले आणि कानाशी वाकली.

"भिकू, आठे सासरा नही. डोया उघाड."

भिकूने डोळे उघडले नाहीत. डॉक्टर गालात हसला. तेवढ्यात कंटाळलेला कौतिक आबा दाराशी खाकरला आणि जोडे वाजवत आत आला.

भिकूची बोटं हलली. गादीवरून सरपटत पदराच्या काठापाशी गेली, काठ धरला आणि रडतखडत कपाळावर ओढला.

डॉक्टर खुर्चीतून ताडकन उठला. जाणीव आहे, जाणीव आहे, असं म्हणत तो कागद शोधायला लागला. कौतिक आबाची छाती फुगली.

"पाहा, मनी सून कितली वळणनी शे."

धुरपदाबाईला हवा होता तो पुरावा मिळाला होता, आणि तो बघून तिला तिथलं सगळं उलथून टाकावंसं वाटलं. पोरीत उरलासुरला जीव होता तेवढा ह्या माणसापुढे तोंड झाकण्यात खर्ची पडत होता.

"आग लागो तुमना वळणले," ती म्हणाली. "मनी पोर आत मझार शे. पेज आना."

तिने भिकूचा पदर मागे ओढला आणि तिचा हात मुठीत घट्ट धरला. सासरा समोर उभा होता तोवर ती बोटं मुठीतून सुटायला धडपडत राहिली.