गट्टूचा कॉलम

हळदीचं गट्टू — गोल, खरबरीत, एका अंगाला नखाने खरवडलेलं — अनुश्रीच्या कीबोर्डशेजारी पडलं होतं, आणि विचार करता करता ती ते बोटांत फिरवत होती. काल नव्हतं हे इथे. अनिरुद्धला ते फिरणं सकाळपासून सोसवत नव्हतं. तिचं दुसरं काय सोसवत होतं म्हणा!

हिंगोलीतल्या नानांच्या या कचेरीत हळदीच्या आडत्यांसाठी सॉफ्टवेअर बनतं, आणि त्यातलं नोंदींचं एकेक टेबल, एकेक कॉलम अनिरुद्धने हाताने रचलेला... कुठे काय आहे, डोळे मिटून सांगेल. आणि ही सेनगावकडची, कापूस पिकवणाऱ्या घरची पोरगी, आता आता कामाला लागलेली, म्हणते टेबलं रचायचीच कशाला? माल कसा असतो ते क्लासमध्ये, म्हणजे प्रोग्रॅममधल्या एका साच्यात, एकदा लिहायचं. त्यातून झालेली नोंद पुन्हा बदलायची नाही — वजन चुकलं तर नवी नोंद, जुनी आपल्या जागी — आणि तो क्लास वाचून टेबलं तिचा प्रोग्रॅम आपली आपण लिहून काढणार. आपली आपण! मग मी इतकी वर्षं काय गोट्या खेळत होतो?

वसमतच्या व्यापाऱ्यांचं नवं काम कोणाला द्यायचं, ते नाना आज तिचा प्रोग्रॅम बघून ठरवणार होते. आणि कालच तिने विचारलं होतं, सरळ डोळ्यांत बघून... त्या सरळपणाचाच त्याला राग... "दादा, ढेरीच्या क्लासमध्ये काही राहिलं का?"

राहिलं होतं. हळदीच्या ढेरीत लांब कांडी वेगळी, गोल गट्टू वेगळं. वजन वेगळं, भाव वेगळा. तिने वजनाला एकच जागा ठेवली होती. एक शब्द बोलला असता तर काम झालं असतं. पण पडद्याकडे बघत तो म्हणाला, "न्हाई. बराबर आहे."

नानांनी खुर्ची ओढली. तिने प्रोग्रॅम चालवला, टेबलं भराभर पडद्यावर उतरू लागली, आणि अनिरुद्धच्या ओठांवर वाक्य तयार होतं — नाना, यात गट्टू कुठाय? तेवढ्यात कांडीचा कॉलम आला. त्याच्याखाली गट्टूचा.

नाना खूश. वसमत हिलाच देऊ म्हणाले, आणि मग सहज विचारलं, "अनिरुद्धनं तपासलं ना?"

"व्हय," अनुश्री म्हणाली. "गट्टूचं तर त्यांच्या जुन्या टेबलांवरूनच कळलं. मग मोंढ्यात जाऊन एक घेऊन आले."

त्याच्याकडे तिने पाहिलं नाही. नानांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, तो हसलाही... सांगून टाकायचं होतंस ना गं, याने मला चुकवलं म्हणून. मग तुझ्यावर चिडता तरी आलं असतं. आतापर्यंत तिच्या कामाचाच काय तो हेवा होता. काम एक वेळ शिकता आलं असतं. पण हे गप्प राहणं... ती ते गट्टू पुन्हा बोटांत फिरवू लागली, आणि त्याला नजर कुठे ठेवावी ते कळेना.