चल माझ्या राजा

भावाच्या लग्नाला गोजरबाई सुप्याजवळच्या माहेरी पोचली, तेव्हा अक्षता पडून पंगतीही उठल्या होत्या. मिरजगावची एस.टी. चुकली ती घरातल्या दोन रत्नांपायी. बन्सी भाकरीच्या तुकड्याचा बैल करून खेळत बसला, पुष्पावतीनं त्या बैलाचं शिंग खाल्लं, आणि घरात महाभारत पेटलं. गोजरबाईनं ओरडून घसा बसवला, धपाटे घातले. गाडी काही थांबली नाही. ते दुःख तिच्या मनातून गेलंच नव्हतं.

आता एकाहत्तरच्या वैशाखात धाकट्या बहिणीची, मनकर्णाची हळद होती. या खेपेला गोजरबाईनं नवऱ्याचीच विद्या उचलली. सहादेवानं बैलाला कधी आर टोचली नाही. पवळ्या रेंगाळला की "चल माज्या राजा!" आणि पाऊल टाकलं की पाठीवर थाप. पोरांच्या वाट्याला मात्र त्याच तोंडातून तोफगोळे.

"बन्सी, आदी सदरा घालतूस का आदी टोपी?"

बन्सीला एकदम कारभारी झाल्यासारखं वाटलं. त्यानं दोन्ही घातलं. पुष्पीनं न रडता वेणी घालून घेतली, तशी आईनं तिची पाठ थोपटली. "व्हय गं, शानी माजी!"

एस.टी.च्या खिडकीवरून जुंपायची लक्षणं दिसली, तेव्हा गोजरबाई म्हणाली, "नगरपातूर पुष्पी बसंल, फुडं तू. जो भांडंल त्यो खिडकीला मुकंल."

दोघं गाठोडं धरून दारात उभी राहिली. आणि सहादेव? तो गोठ्यात होता. शेजारच्या गोरक्षनाथाला वैरणीचं पुन्हा पुन्हा बजावून झालं, आता पवळ्याचा निरोप चालला होता.

लांबून हॉर्न ऐकू आला. तोंडावर आलेली शिवी गोजरबाईनं गिळली, जीभ टाळ्याला लावून चक् चक् केलं आणि म्हणाली, "चल माज्या राजा! चल!"

नवऱ्याला अरेतुरे! पोरांनी तोंडात बोटं घातली. पवळ्यानं नुसती मान वर केली, पाऊल उचललं ते सहादेवानं. तिनं त्याच्याही पाठीवर थाप दिली. कानापर्यंत लाल होऊन तो जो सुटला, तो गाडीच्या पायरीवरच थांबला.

सगळी माहेरी पोचली तेव्हा वाटलेली हळद नुकतीच ताटात काढली होती.

"आक्का, आज येळंवर कशी गं?" मनकर्णानं विचारलं.

गोजरबाईनं बहिणीच्या गालाला हळदीचं पहिलं बोट लावलं आणि तिला रडूच कोसळलं. तोच मागून एक चिमुकली थाप तिच्या पाठीवर पडली.

"व्हय गं," पुष्पी म्हणाली, "शानी माजी!"