कुलुपाला झालेली कावीळ

कॅन्टीनच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पहिली पाळी सुटलेली, दुसरी आत यायची होती. दोन्ही पाळ्यांची माणसं टेबलांवर चढून बघत होती. मध्ये पाटावर गोटीराम महाराज. गळ्यात रुद्राक्ष, झब्ब्यावर कंपनीच्याच सुरक्षा सप्ताहाचा बिल्ला, समोर पितळेची परात.

"दे हात, माये. कंपनीत किती वर्षं?"

"सात."

"सात वर्षांचं विष! रंगाचं, अ‍ॅसिडचं, धुराचं! डॉक्टर काय करतो? सुई खुपसतो आणि सांगतो, विष सापडलं. अरे, सापडलं तर काढ की! आम्ही शोधत बसत नाही बाबा. आम्ही काढतो!"

लोक हसले. महाराजांनी बाटलीतला तपकिरी रस त्या बाईच्या हातांना कोपरापर्यंत चोळला, काहीतरी पुटपुटले आणि हात परातीतल्या पाण्यात बुडवले. पाणी हळदीसारखं पिवळं झालं.

"आई शप्पत!" मागून कोणीतरी ओरडलं.

पाणी बदललं. दुसऱ्यांदा फिकट पिवळं आलं. तिसऱ्यांदा पाणी स्वच्छ राहिलं. "निघाली! कावीळ निघाली!" टाळ्या पडल्या. पर्सोनेल साहेबांनी 'निरोगी' लिहिलेल्या कार्डावर सही करून तिच्या हातात दिलं.

ती बाई माझी बायको, बाळाबाई. आणि परात धरायला मी होतो.

आमची कंपनी ठाणे-बेलापूर पट्ट्यातली, कापडाचे रंग बनवणारी. सांडपाण्याच्या प्लांटवर माझं काम. अ‍ॅसिडच्या पाण्यात चुना कालवायचा, बाहेर सोडायचं. महाराजांना परातीत ओतायला चुन्याची निवळी लागायची, ती माझ्याच प्लांटवरून जायची. म्हणून परातीपाशी मी. बाळाबाई पॅकिंगला, कॉन्ट्रॅक्टवर.

सुरक्षा सप्ताहाचं तपासणी शिबिर होतं, म्हणून त्याच शेडच्या कोपऱ्यात एक नर्सबाई सुया घेऊन बसल्या होत्या. त्यांच्यापुढे एकही माणूस नव्हता. त्याला कारण होतं. आदल्या वर्षी सगळ्यांचं रक्त तपासलं होतं. रिपोर्ट आम्हाला कोणी दाखवले नाहीत, ते ऑफिसात गेले. पुढच्या महिन्यात पॅकिंगच्या दोघींचे गेटपास बंद झाले. रिपोर्टमुळे झाले असं कोणी म्हणालं नाही. रिपोर्टमुळे नाही झाले असंही कोणी म्हणालं नाही. तेव्हापासून सुई म्हटलं की माणसं हात पाठीमागे घ्यायची. महाराज मात्र कोणालाच नापास करत नव्हते. कामगार खूश. साहेबांकडे सगळ्यांची निरोगी कार्डं, म्हणून तेही खूश.

बाळाबाई आधी नर्सबाईंकडेच निघाली होती. आठ दिवस तिला जेवण जात नव्हतं.

"अवो, डोळं पिवळं दिसत्यात. रक्त बघून घेते."

मी तिचा हात धरला. "तिकडं कुठं? गेटपास घालवायचा हाय का?"

तिला रांगेत मी उभं केलं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. आता लिहितो आहे.

पुढचे दोन महिने कार्ड देव्हाऱ्यात आणि ती खाटेवर. महाराजांनी सांगितलेलं पथ्य आम्ही पाळलं. पोट फुगायला लागलं तेव्हा दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी विचारलं, "इतके दिवस काय करत होता?" मी कार्ड दाखवलं. त्यांनी ते दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि परत दिलं. लिव्हर खराब झालं होतं. लवकर आणली असती तर वाचलीच असती असं ते म्हणाले नाहीत. "उपाय करता आले असते," एवढं म्हणाले. वैशाखात ती गेली.

महाराजांचा निरोप आला, पथ्य मोडलं असणार. आणि मला ते खरं वाटलं. एकदा उसाच्या रसात बर्फ घातला होता, तेच नडलं असं मी नऊ महिने धरून चाललो होतो.

वर्षश्राद्धाआधी भिंतींना चुना लावावा म्हणून ऐरोलीच्या खोलीतली तिची पेटी रिकामी केली. शिबिराच्या दिवशी नेसलेली फिकट गुलाबी साडी वर होती. हाताचा रस तिनं पदराला पुसला होता, त्याचे दोन तपकिरी डाग तसेच होते. नंतर ती साडी ना नेसली गेली, ना धुतली गेली. मी ती खाटेवर ठेवली आणि कुंचला मारायला लागलो. चुन्याचे थेंब साडीवर उडाले. बाकी सगळे थेंब पांढरे. एक थेंब डागावर पडला, तो पिवळा झाला.

मी कुंचला खाली ठेवला. बाई जाऊन नऊ महिने झाले होते आणि साडीची कावीळ अजून उतरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी साडी घेऊन शकिला मॅडमकडे गेलो. त्या उरणच्या, आमच्या लॅबमध्ये केमिस्ट. त्यांनी डागाकडे पाहिलं, हा आंब्याच्या सालीचा रस असेल म्हणाल्या, कॅन्टीनमागच्या आंब्याच्या खोडाची साल तासून आणायला लावली, बीकरमध्ये उकळली. तपकिरी रस झाला. त्यात चुन्याची निवळी टाकली. पिवळाधमक.

त्या स्टुलावर बसल्या. "बाबासो, रंग बदलला की अ‍ॅसिड किती ते आमी रोज मोजतो. हेच काम आहे माझं. आणि त्या दिवशी टेबलावर चढून टाळ्या मी पण वाजवल्या."

"मी तर रोज चुन्यात हात घालतो, मॅडम."



मार्चमध्ये पुन्हा सुरक्षा सप्ताह आला, पुन्हा महाराज आले. यंदा रांगेत पहिला धर्मराज. ड्रम भरायच्या खात्यातला, कॉन्ट्रॅक्टवरचा, आमच्या शेजारच्या खोलीत राहणारा. बाळाबाईच्या हातचं खाल्लेला पोरगा. त्याचे डोळे तसेच पिवळे होते.

त्यानं हात पुढे केले. मी परात मागे घेतली आणि खिशातून गेटचं कुलूप काढलं. वॉचमनकडून मागून आणलं होतं.

"महाराज, आधी याला रस लावा."

"थट्टा करतोस?"

"लावा की महाराज," टेबलावरून कोणीतरी म्हणालं. "कुलूप काय चावतंय?"

महाराज हलले नाहीत. शकिला मॅडम पुढे आल्या, बाटली उचलली, कुलुपाला रस चोळला. मी ते निवळीत बुडवलं. पाणी हळदीसारखं पिवळं झालं.

 मग पाठीमागून आवाज आला, "साहेब, कुलुपाला शिक लिव्ह द्या!"

"लोखंडातही विष असतं!" महाराज ओरडले. "गेटवर रात्रंदिवस धूर खातंय ते!"

"मग तिसऱ्या धुण्याला उतरेल ना?" मॅडम म्हणाल्या. पाणी दोनदा बदललं. तिसऱ्यांदा ते स्वच्छ राहिलं. "रस धुवून संपला, म्हणून पाणी स्वच्छ. कावीळ आत लिव्हरमध्ये असते. ती हाताला चिकटलेली नसते." त्यांनी आपला बीकर काढला आणि आंब्याच्या सालीच्या रसाची तीच गंमत सगळ्यांसमोर करून दाखवली. "बऱ्याच जणांची कावीळ आराम केला की आपोआप जाते. माणूस बरा झाला की महाराजांचं नाव. ज्याची जात नाही त्याचं पथ्य मोडलेलं."

महाराज बाटली झब्ब्यात घालून कधी बाहेर पडले ते कळलं नाही. मला वाटलं, आता टाळ्या पडतील. एकही पडली नाही.

"म्हंजे आता सुई," एक बाई हळूच म्हणाली. माणसं टेबलांवरून उतरायला लागली.

धर्मराज माझ्या अंगावर आला. "दादा, तू पर्मनंट हायस. तुझं काय जातंय? उद्या गेटवर मला अडवलं तर तू घालनार हायस माज्या पोरांना?"

"माझं काय जातंय?" मी म्हणालो. "तुझी वयनी गेली, धर्मा. ती सुई घ्यायला चालली व्हती. मी न्हाय जाऊ दिली. गेटपास जाईल म्हनून. गेटपास ऱ्हायला. अजून पेटीत हाय."

 मग तो साहेबांकडे वळला. "साहेब, रक्त देतो. पन कागद माज्या हातात पायजे. ऑफिसात न्हाय."

"हेड ऑफिसला विचारावं लागेल."

"विचारा," मी म्हणालो. "तोवर याला घेऊन मी जातो."

रिक्षा करून वाशीच्या दवाखान्यात गेलो. तो सुईकडे बघत नव्हता, म्हणून त्याच्याआधी मी माझा हात पुढे केला.

धर्मराज तीन आठवडे दवाखान्यात होता. डोळे आता पांढरे झालेत. गेटपासाचं अजून नक्की नाही. हेड ऑफिसचं उत्तर आलेलं नाही. सगळं चांगलं झालं असं मी लिहिणार नाही.

माझं सांगणं सरळ आहे. डोळे पिवळे दिसले तर रक्त तपासा, डॉक्टरकडे जा. कोणी हात धुवून रोग काढतो म्हणाला तर त्याच परातीत आधी कुलूप बुडवून बघा. आणि साहेबांनो, ज्याचं रक्त त्याच्याच हातात रिपोर्ट द्या. आम्ही काही अगदीच अडाणी नव्हतो. आम्हाला तुमची भीती वाटत होती, आणि महाराज त्या भीतीवर जगत होता.

यातलं काही खोटं वाटत असेल तर माझ्या घरी या. साडी मी अजून धुतलेली नाही. पदरावर दुसरा डाग शिल्लक आहे. चुना घरात आहे.