अंबाडीची जाळी

संत्र्याचं दुसरं झाड मुळांसकट जाम नदीत कोसळलं, तशी रघुनाथरावांनी टोपी चढवली.

"निघालो सौंसरले, कचेरीत. दगडी भिंतीचं इचारतो."

सावरगावच्या काठावरची ही बाग त्यांनी आणि बायको देवकाबाईंनी घागरींनी पाणी घालून वाढवली होती. आता दर पावसाळ्यात नदी ती खात होती.

संध्याकाळी रघुनाथराव परतले, पण बसेनात. अंगणात येरझारा घालत म्हणाले, "फाइल नागपूरले गेली म्हणते. अन् नागपूर गेलं मुंबई राज्यात, आपण राहिलो मध्य प्रदेशात! आता भोपाळले नवा अर्ज लिवा म्हणते."

"तवरोक नदी थांबन काय?" देवकाबाईंनी विचारलं.

दुसऱ्या दिवसापासून त्या अंबाडीच्या भिजवलेल्या काड्यांचा वाख सोलायला बसल्या. हिवाळाभर सुतळी वळली, उन्हाळ्यात तिची जाळी विणली. तळहात सोलवटले.

"नदीले काय जाळ्यात धरून राहिली?" रघुनाथराव चिडायचे.

"नदीले नाही जी. मातीले."

मृगाच्या आधी त्यांनी उतारावर जाळी अंथरली, बांबूच्या खुंट्या ठोकल्या, जाळीच्या घराघरांत वाळ्याच्या गवताची मुळं लावली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी पूर आला. दोघं पावसात उभं राहून पाहत होते. खालची जाळी फाटली, तीन झाडं गेली. देवकाबाई पुढे धावल्या. रघुनाथरावांनी त्यांचा दंड घट्ट धरला.

"जाऊ दे. तू नोको जाऊ."

पाणी उतरलं तेव्हा वरचा काठ जागेवर होता. त्या मात्र गेलेल्या तीन झाडांकडेच बघत राहिल्या.

पुढच्या उन्हाळ्यात रघुनाथराव घाबरेघुबरे होऊन घरी आले. "देवका, जाळी सडली! हात लावला का तुटते."

"सडू द्या. गवत उपटून पाहा बरं."

त्यांनी दोन्ही हातांनी ओढलं. गवत हललं नाही. पण त्यांचा जीव थाऱ्यावर येईना. पुढे रोज सकाळी ते काठावर जाऊन मुळं चाचपू लागले.

एकदा बैलासाठी गवत कापायला विळा घेऊन उतरले, तर टिटवी ओरडत डोक्यावर झेपावली. गवताच्या कडेला, उघड्या खड्यांत, चार ठिपकेदार अंडी होती. इतकी वर्षं या ढासळत्या काठावर कुणी घर केलं नव्हतं.

रघुनाथराव पाऊल जपून मागे सरकले. त्या दिवशी बैलापुढे त्यांनी वाळका कडबाच टाकला.