उन्हातलं दार

"सरका जरा काशीरामभाऊ, अक्षरं झाकताय," कमळा कॅमेऱ्याआडून म्हणाली.

काशीराम शिंप्याने पुन्हा भांग सारखा केला. "दुकानाचा फोटो, नि मालक नको?"

"मालक नको. पाटी हवी."

सकाळपासून हेच चाललं होतं. रामआळीत जो तो पाटीपुढे छाती काढून उभा. मिरकरवाड्याच्या बंदरात हौसा कोळणीने तर होडीच्या नावापुढे पापलेटच उंच धरलंन. कमळा हसून हसून दमली.

पाट्या साऱ्या तिच्या नवऱ्याच्या हातच्या. केरूची अक्षरं कशी, शिडात वारा भरावा तशी. पण दोन पावसाळे झाले, केरू परदेशी बोटीवर होता. त्याचा सोबती बाळा सुट्टीवर आला तो सांगत आला, "वहिनी, तिथे दिवसभर लोखंडाला करडा रंग फासतो तो. म्हणतो, गावात माझ्या हातचं काही उरलंय का रे? की पुसलं सगळं?"

ते ऐकून कमळाने बाळाचा कॅमेराच मागून घेतला होता. बाळा आज रात्रीच्या एसटीने तो रोल घेऊन परत बोटीवर निघणार होता.

आता रोलात एकच फोटो उरला. कमळा बाळाला घेऊन तडक घरी आली. माजघराच्या दारावर, आतल्या अंगाला, केरूने लग्नाच्या वर्षी होडीच्या उरल्या निळ्या रंगाने तिचं नाव लिहिलं होतं.

"इथे नुसता काळोख येईल," बाळा म्हणाला.

कमळाने पदर खोचला. "उचल."

जुनं दार, बिजागऱ्यांऐवजी लाकडी खुंट्यांवर फिरणारं. दोघांनी उचलताच सुटलं. ओटीवर सासू सावित्री सुपारी कातरत होती. "दार कुठे गो नेतेस? लोक म्हणतील, घर मोडायला काढलंन." मग निळं नाव उन्हात आलेलं पाहून तिने अडकित्ता खाली ठेवला आणि जात्यावरच्या सुरात म्हणाली, "लेक गेला दर्यावरी, नाव ठेवलंन दारावरी."

अंगणात दार उभं धरायला कुणीतरी हवं होतं. कमळा कॅमेरा बाळाकडे देऊन मागे गेली आणि तिने दोन्ही कडा घट्ट धरल्या.

"वहिनी, तुम्ही दिसत नाही."

"नाव दिसतंय ना?"

"दिसतंय. पण कडेला बोटं येतायत तुमची."

दारामागून कमळाने हळदीने पिवळी झालेली बोटं आणखी थोडी पुढे सरकवली.

"काढ," ती म्हणाली.